बाकावरचा माणूस

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. पत्रिकेत आजच्या व्याख्यात्यांचं नाव छापलं आहे, ते गृहस्थ मी नव्हे. ते पुण्याहून येणार होते. त्यांचा घसा बसला, आणि परवा रात्री जेवताना मला कार्यवाहांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही काहीतरी बोला. विषय तुमचा, वेळ पाऊण तास." मी म्हटलं, "अहो, मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेला सरकारी नोकर. मी काय बोलणार?" तर म्हणाले, "दुसरं कोणी मिळत नाहीये." इतक्या मोकळेपणाने दिलेलं निमंत्रण नाकारवत नाही. आणि बदली वक्ता म्हणून उभं राहायचंच आहे, तर बदली माणसाविषयीच बोलावं असं मी ठरवलं.

माणूस आपल्या ओळखीचा नाही. त्याचं नाव अर्ल मोरॉल. अमेरिकेचा. जन्म 1934 चा, मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावचा. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो 21 हंगाम खेळला आणि त्यातला पुष्कळसा काळ त्याने मैदानाच्या कडेला उभं राहून काढला. मला हे नाव माझ्या भाच्याकडून कळलं. तो तिकडे असतो. का सांगितलं, ते पुढे येईल.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. हा आपला फुटबॉल नव्हे. नाव फुटबॉल, पण चेंडू पायापेक्षा हातातच जास्त. चेंडूही गोल नाही, मोठ्या कोयीसारखा दोन्हीकडे निमुळता. मैदान 100 यार्ड लांब, एका वेळी दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकला तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याला. असं करत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक प्रयत्नाला चेंडू बहुतेक एकाच माणसाच्या हातात येतो. त्याला म्हणतात क्वार्टरबॅक. चेंडू आला की दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं: शेजारच्याच्या हातात द्यायचा, लांब पळणाऱ्याकडे फेकायचा, की स्वतः घेऊन पळायचं. तेवढ्यात समोरून सव्वाशे किलोचे गडी त्याला लोळवायला धावत येत असतात. त्या काळी तर पुढची चाल कोणती हेही बहुतेक वेळा क्वार्टरबॅकच मैदानात ठरवत असे. म्हणजे नाटकातला नायकही तोच आणि प्रॉम्प्टरही तोच.

बाकीच्या जागांवर माणसं आलटूनपालटून येतात-जातात. क्वार्टरबॅक मात्र एकच. दुसरा क्वार्टरबॅक कडेला उभा. त्याला सगळ्या चाली पाठ हव्यात, पण सरावाचा बराचसा वेळ पहिल्याच्या वाट्याला. त्याची पाळी येते ती फक्त पहिला जखमी झाला किंवा फारच वाईट खेळला तर. म्हणजे आपली पाळी यावी अशी इच्छा करणं हीसुद्धा दुसऱ्याच्या वाइटाची इच्छा! मनाने चांगल्या माणसाला ही जागा फार अवघड.

आपल्याकडे जवळचं उदाहरण आहे. चंद्रकांत पंडित. किरण मोरे भारताकडून 49 कसोटी सामने खेळले, पंडित पाच. यष्टीमागे मोरे असले की पंडितांनी एक तर नुसता फलंदाज म्हणून खेळायचं, नाही तर बाहेर बसायचं. आपल्या इंदूरकरांना पंडित माहीत आहेत ते पुढच्या कामगिरीमुळे. 1999 ला बंगळुरूत रणजीची अंतिम लढत आपण हरलो तेव्हा ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते, आणि 2022 ला त्याच मैदानावर मुंबईला हरवून आपण पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा प्रशिक्षक. ज्याला बाहेर बसून खेळ पाहावा लागतो, त्याला खेळ जरा जास्तच दिसतो, असं मला वाटतं.

आता मोरॉलकडे येऊ. 1956 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याला निवडलं, तेही देशभरातून दुसऱ्या क्रमांकाची निवड म्हणून. केवढ्या अपेक्षा असतील! पण एका वर्षात त्याला पिट्सबर्गला धाडलं. तिथून 1958 मध्ये डेट्रॉइट. डेट्रॉइटला कधी आत, कधी बाहेर. मध्येच घरच्या अंगणात गवत कापण्याच्या यंत्राने पायाचा अंगठा गेला, तरी हा पुन्हा मैदानात. 1965 ला न्यूयॉर्क. तिथे एक हंगाम जम बसला, मग मनगटाला दुखापत झाली आणि संघाने दुसरा नामांकित क्वार्टरबॅक आणला. हा पुन्हा कडेला. सरकारी नोकरीतल्या मंडळींना हे सगळं ओळखीचं वाटेल. दर दोन-चार वर्षांनी बदलीचा आदेश, नवं गाव, नवी बिऱ्हाडाची शोधाशोध, आणि नव्या साहेबाला पुन्हा पहिल्यापासून आपली ओळख करून देणं.

1968 मध्ये तो बाल्टिमोरला आला. वय 34. तिथला पहिला क्वार्टरबॅक होता जॉनी युनायटस, त्या काळातला सर्वांत मोठा. त्याच्यामागे उभं राहायचं म्हणजे वडाखाली रोप लावण्यासारखं. पण हंगाम सुरू होण्याआधीच्या शेवटच्या सराव सामन्यात युनायटसचा हात दुखावला, आणि प्रशिक्षक डॉन शुला यांनी मोरॉलला उभं केलं.

मग जे झालं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बाल्टिमोरने 14 पैकी 13 सामने जिंकले. मोरॉलने 26 टचडाउन फेकले, त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू हा मान बदली माणसाला मिळाला. लीगच्या अंतिम सामन्यात क्लीव्हलंडला त्यांनी 34-0 असं धुतलं. मग राहिला सुपर बोल, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधला शेवटचा सामना. समोर न्यूयॉर्क जेट्स, तुलनेने नव्या आणि दुबळ्या समजल्या जाणाऱ्या लीगचा संघ. पैजा लावणारे बाल्टिमोर 18 गुणांनी जिंकेल असं धरून चालले होते.

12 जानेवारी 1969. मायामीचं ऑरेंज बोल मैदान. हे मैदान लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. पहिल्या अर्ध्यात मोरॉलचे तीन फेक समोरच्यांनी पकडले. त्यातला तिसरा फार बोचणारा. मध्यंतराला काही सेकंद उरले होते. बाल्टिमोरने हुलकावणीची चाल रचली. चेंडू एका गड्याला दिला, तो धावला, सगळे त्याच्यामागे गेले आणि त्याने चेंडू उलटा मोरॉलकडे फेकला. तिकडे जिमी ऑर हा खेळाडू शेवटच्या रेषेजवळ अगदी एकटा, आसपास कोणी नाही, हात वर करून हलवतोय. मोरॉलच्या नजरेतून तो निसटला. त्याने चेंडू मध्यभागी दुसऱ्याकडे फेकला, आणि जेट्सच्या खेळाडूने तो मध्येच पकडला.

उत्तरार्धात शुलांनी मोरॉलला काढून दुखऱ्या हाताच्या युनायटसला आत घेतलं. बाल्टिमोरचा एकमेव टचडाउन युनायटसच्या खेळावर झाला. जेट्स 16-7 ने जिंकले. वर्षभराची 13 सामन्यांची पुण्याई गेली आणि लोकांच्या लक्षात राहिला तो हात हलवणारा जिमी ऑर. मंडळी, बदली माणसाचा हिशेब असाच असतो. कायमच्या माणसाची चूक ही चूक असते. बदली माणसाची चूक ही त्याची लायकी ठरते.

पुढच्या वर्षी युनायटस परतला, मोरॉल पुन्हा कडेला. दोन वर्षांनी, 17 जानेवारी 1971 ला, बाल्टिमोर पुन्हा सुपर बोलमध्ये. मैदान तेच, ऑरेंज बोल. समोर डॅलस. दुसऱ्या सत्रात युनायटसच्या बरगड्यांना जोराचा मार बसला आणि तो बाहेर गेला. कोणाला आत जायचं होतं? ज्या माणसाची याच मैदानावर दोन वर्षांपूर्वी शोभा झाली होती, त्यालाच. मोरॉल आत गेला. खेळ काही देखणा झाला नाही, दोन्ही बाजूंनी चुकांचा पाऊस पडला. पण त्याने संघ बुडू दिला नाही. अखेरची पाच सेकंदं उरली असताना बाल्टिमोरच्या खेळाडूची लाथ दांड्यांमधून गेली आणि सामना 16-13 ने जिंकला. नाव झालं लाथ मारणाऱ्याचं. ते बरोबरच आहे.

1972 मध्ये बाल्टिमोरने मोरॉलला सोडून दिलं. वय 38. तिथे नियम असा, की एका संघाने सोडलेला खेळाडू दुसऱ्या संघाला ठरावीक रक्कम भरून घेता येतो. मायामीने त्याला 100 डॉलरला घेतलं. शंभर! आपल्याकडे जुन्या सायकलला बरे पैसे मिळतात. घेणारा कोण? डॉन शुला. तेच प्रशिक्षक, आता मायामीला आलेले. ज्या माणसाला त्यांनी भर सामन्यात बाहेर काढलं होतं, त्यालाच त्यांनी पुन्हा बोलावलं. आणि तो गेला.

मायामीचा पहिला क्वार्टरबॅक होता बॉब ग्रीसी, वय 27. पहिले चार सामने जिंकले. 15 ऑक्टोबर 1972 च्या पाचव्या सामन्यात समोरचे दोन धिप्पाड गडी ग्रीसीवर कोसळले. पाय मोडला, घोटा निखळला. मैदान कोणतं? ऑरेंज बोल. आखूड केसांचा मोरॉल आत आला. त्या दिवशी मायामी 24-10 ने जिंकली. मग पुढचा सामना जिंकला. मग त्यापुढचा. हंगामातले उरलेले नऊच्या नऊ सामने मोरॉलने सुरू केले आणि मायामी एकही हरली नाही. 14 पैकी 14. बाद फेरीत क्लीव्हलंडला 20-14 ने हरवलं, तेव्हाही मोरॉलच.

31 डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये उपांत्य सामना. मोरॉलने सुरुवात केली. मध्यंतराला 7-7. संघ अडखळत होता. ग्रीसीचा पाय बरा झाला होता. शुलांनी उत्तरार्धात ग्रीसीला पाठवलं आणि मायामी 21-17 ने जिंकली. आणि मग शुलांनी ठरवलं, की 14 जानेवारीच्या सुपर बोलमध्येही ग्रीसीच खेळेल.

इथे मी वाचताना थांबलो होतो. खरं सांगतो, मला शुलांचा रागच आला. ज्याने 17 पैकी 11 सामने सुरू केले आणि एकही हरू दिला नाही, त्याने शेवटचा सामना बाहेर उभं राहून पाहायचा? नेहमी असंच होतं असंही नाही. 2001 मध्ये न्यू इंग्लंड संघाचा पहिला क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला, जागी एक पोरगा आला, आणि ब्लेडसो बरा झाल्यावरही प्रशिक्षकाने पोरालाच ठेवलं. त्या पोराचं नाव टॉम ब्रेडी. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. म्हणजे खुर्ची परत दिलीच पाहिजे असा काही नियम नाही. शुलांनी वेगळं ठरवलं. मोरॉलला वाईट वाटलं असणारच, 38 वर्षांच्या माणसाला अशी संधी पुन्हा कुठली? पण त्याने तंटा केला नाही, संघात फळी पडू दिली नाही.

त्या अंतिम सामन्यात तो मैदानात अजिबात नव्हता असंही नाही. गोलावर लाथ मारताना चेंडू जमिनीवर धरून ठेवायला एक माणूस लागतो. मायामीसाठी ते काम मोरॉल करायचा. मायामी 14-0 ने पुढे, शेवटची दोन-अडीच मिनिटं उरलेली. मोरॉलने गुडघ्यावर बसून चेंडू धरला, गारो येप्रेमियनने लाथ मारली, चेंडू अडवला गेला. गारोने गोंधळून तो उचलून फेकायचा प्रयत्न केला आणि तो वॉशिंग्टनच्या खेळाडूच्या हातात पडला. तो धावत जाऊन टचडाउन करून आला. 14-7. सगळ्यांच्या छातीत धस्स झालं असेल. पण तेवढ्यावर सामना संपला आणि मायामीचा हिशेब झाला 17-0. त्या लीगमध्ये पहिल्या सामन्यापासून सुपर बोलपर्यंत एकही सामना न हरलेला संघ आजतागायत तेवढा एकच आहे. न्यू इंग्लंड 2007 च्या हंगामात 18 सामने जिंकून एकोणिसावा, शेवटचा हरली. म्हणजे ब्रेडीला जे जमलं नाही, ते ज्या संघाने केलं त्याचा बहुतांश भार 100 डॉलरच्या माणसाने वाहिला होता.

आता भाच्याने हे मला का सांगितलं, ते.

मी उपयंत्री आहे. खातं कोणतं ते विचारू नका, अजून सेवेत आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या साहेबांचं मोठं ऑपरेशन झालं, ते लांब रजेवर गेले आणि उपविभागाचा प्रभार माझ्याकडे आला. पगार तोच, खोली मोठी. चौदा महिने. त्यात एका जुन्या तलावाची मोरी पावसाळ्याआधी बदलायची होती. बांधातून पाणी झिरपत होतं, खाली दोन गावं. मे महिन्यात मी घरी फक्त आंघोळीला येत होतो असं आमची ही सांगते, आणि ती सहसा खोटं बोलत नाही. काम झालं. पाऊस आला, तलाव भरला, बांध टिकला.

साहेब बरे होऊन परत आले. चांगले गृहस्थ, त्यांच्याविषयी तक्रार नाही. मी प्रभार-पत्रक भरलं: कपाटाच्या किल्ल्या, शिक्का, माप पुस्तिका, गाडीची लॉगबुक. खाली सही केली, "प्रभार दिला." दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या जुन्या टेबलावर. महिन्याभराने तलावावर कार्यक्रम झाला, शिला बसली, तिच्यावर नावं आली. माझं नव्हतं. मी मांडवाच्या कडेला, जनरेटरशेजारी उभा होतो.

त्यानंतर मी बरेच दिवस कडू झालो होतो. घरी चिडचिड. भाच्याचा फोन आला, त्यालाही मी तेच पुराण सुरू केलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, तुम्ही होतात तोवर बांध फुटला का?" म्हटलं, नाही. "मग तुमचे चौदा महिने सतरा-शून्यमध्ये धरले गेलेत. अर्ल मोरॉलचं वाचा." मी वाचलं.

वाचून माझी पदोन्नती झाली नाही, आजही मी उपयंत्रीच आहे. पण एक गोष्ट झाली. दोन वर्षांनी पुन्हा तशीच वेळ आली, तीन महिन्यांसाठी प्रभार घ्याल का म्हणून विचारणा झाली. पहिला विचार आला, "कशाला? मागे काय मिळालं?" मग मला ऑरेंज बोल आठवलं. 1969 ची शोभा झाल्यावर 1971 ला त्याच मैदानात उतरणारा माणूस आठवला, आणि बाहेर काढणाऱ्या प्रशिक्षकाने पुन्हा हाक मारल्यावर गेलेला माणूस आठवला. मोरॉलचं मोठेपण त्याने खुर्ची सोडली यात मला तितकंसं वाटत नाही. खुर्ची तर आपण सगळेच सोडतो, सोडावी लागते. मोठेपण आहे ते सोडल्यानंतर पुन्हा तयार राहण्यात. मी प्रभार घेतला.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय उतरलो तर मी तुम्हाला गोड गोष्ट सांगून फसवलं असं होईल. मोरॉल 1976 पर्यंत खेळला, 42 व्या वर्षी थांबला. तीन सुपर बोल विजेत्या संघांत तो होता. नंतर मायामी विद्यापीठात त्याने तरुण क्वार्टरबॅक घडवले, फ्लोरिडातल्या डेव्ही गावाचा तो नगराध्यक्ष झाला. पण उतारवयात त्याला कंपवाताने गाठलं. 2014 ला वयाच्या 79 व्या वर्षी तो गेला. मृत्यूनंतर बोस्टन विद्यापीठात त्याच्या मेंदूची तपासणी झाली. वारंवार डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांनी जो मेंदूचा आजार होतो, तो त्याला होता आणि शेवटच्या, सर्वांत गंभीर अवस्थेत होता. म्हणजे राखीव माणूस म्हणून त्याला मार काही राखीव मिळाला नव्हता. किंमत त्याने पूर्ण मोजली. म्हणून माझं म्हणणं असं: बदली माणसाने मन मोठं ठेवावं हे खरं, पण त्याच्या मोठ्या मनावर बाकीच्यांनी फुकट जगू नये. शिलेवर नाव कोरता येत नसेल, तर निदान तोंडाने घ्यावं.

आणि हे आपल्या घरापासूनच सुरू करू. या मंडळात गुरुजी आले नाहीत तर पूजा कोण सांगतं, पेटीवाल्याला उशीर झाला तर पेटीवर कोण बसतं, नाटकात ऐनवेळी कोणाची नक्कल कोण पाठ करून उभं राहतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. स्मरणिकेत त्यांची नावं शेवटच्या पानावर, "आणि इतर" मध्ये असतात. संपादकांना माझी विनंती आहे, यंदा ते "इतर" उलगडून छापा.

पुण्याचे पाहुणे पुढच्या वर्षी नक्की येतील, त्यांचा घसा लवकर बरा होवो. तोवर हा माइक मी सांभाळला, मोडला नाही. आता अध्यक्षांच्या हाती देतो. प्रभार दिला.

गणपती बाप्पा मोरया!